आजोबांनी रिकामी केलेली बॅग

बाळांनो, तुमच्याकडे सहा महिने राहायला यायचं म्हणून मी बॅग भरली होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा भरली. आम्ही का आलो नाही, तर आजोबांची तब्येत, असं तुमची आई सांगेल. ते खरंच आहे, पण त्यातून तुम्हाला काही कळणार नाही. मी स्वतः इंग्रजी शाळेत शिकले, पुढे इंग्रजीच शिकवलं, तेव्हा हे तुम्हाला सोप्या जाणाऱ्या भाषेत लिहायला हवं होतं. पण आजोबांचं बोलणं इंग्रजीत उतरत नाही. आई वाचून दाखवील.

आजोबांना आठवत नाही हे तुम्ही फोनवर पाहिलंच आहे. धाकट्याला त्यांनी विचारलं होतं, "तू कोणाचा रे?" आणि तो खो खो हसला होता. ते चेष्टा करत नव्हते. पालघरच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. नातवंडांची भेट घडवायची असेल तर ओळख आहे तोवर घडवा, ही एक. आणि यांची जागा बदलू नका, जागा बदलली की असे पेशंट ढासळतात, ही दुसरी. दोन्ही एका दमात सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसून ठरवलं की पहिली गोष्ट करायची, आणि दुसरीवर उपाय म्हणून त्यांची जागाच बॅगेत भरून न्यायची.

तुमची आई फोनवर म्हणाली, "आई, तू फक्त औषधं आण. बाकी सगळं इथे मिळतं."

"पायजम्यात नाडी ओवायची सुई मिळते?"

"इलॅस्टिकचे पायजमे मिळतात."

"ते घालणार नाहीत."

"मग आण बाई सुई," ती म्हणाली.

तर मी सुई घेतली. जादा नाड्या घेतल्या. औषधं घेतली, डॉक्टरांची चिठ्ठी टाइप करून घेतली आणि ती वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवली. चष्म्याची दुसरी जोडी, कवळीची डबी, लोकरी टोपी, गरम आतले कपडे. हे सगळे नेतात. त्याखेरीज त्यांचा पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास, ज्याला तळाशी पोचा आहे, तो. दाढीचा आरसा. खुर्चीवरची उशी. दोन पंचे, कारण टॉवेलने ते अंग पुसत नाहीत. मेतकूट आणि भाजणी. तिथे गेल्यावर पलंगाशेजारी हे सगळं इथल्यासारखं मांडून ठेवायचं, म्हणजे सकाळी डोळे उघडले की घरच दिसेल, असा माझा हिशेब होता. दोन्ही बॅगांना लाल रिबीन बांधली आणि दारामागे उभ्या केल्या.

दुपारी मी जरा पडले. उठून पाहते तर बॅगा सपाट. ग्लास फळीवर, आरसा खिळ्याला, उशी खुर्चीवर. औषधं ड्रॉवरमध्ये, तीही सकाळची पुढे आणि रात्रीची मागे. मेतकुटाचा डबा नेमका हिंगाच्या डबीशेजारी. आजोबा खुर्चीत पेपर धरून बसले होते.

"अहो, हे कोणी काढलं?"

"वस्तू वापरायची न् जागेवर ठेवायची. सांगून सांगून थकलो आमी."

पूर्वी ते 'आम्ही' म्हणायचे. माकुणसारची, म्हणजे त्यांच्या गावची बोली त्यांनी नोकरीला लागल्यावर सोडली होती. आता ती परत आली आहे. आजारात एवढं एकच परत आलं.

त्यांचं काम तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तारापूरच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. भिंतीवर मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, पकडीची आकृती रंगवलेली, आणि त्या आकृतीवर ती वस्तू टांगलेली. वस्तू काढली की मागे नुसता आकार दिसे. त्याला ते सगळे 'सावली' म्हणत. शिफ्ट सुटताना एकही सावली उघडी दिसली तर आजोबा कोणाला घरी जाऊ देत नसत, स्वतःही येत नसत. मी वैतागायचे, एका पान्यासाठी जेवण गार करता म्हणून. ते म्हणायचे, पाना जागेवर नाही म्हणजे तो कुठल्यातरी मशीनच्या आत राहिलाय. मशीन सुरू झालं की तो उडणार आणि पुढच्या पाळीच्या माणसाच्या डोक्यात बसणार.

मी बॅग पुन्हा भरली. त्यांनी पुन्हा रिकामी केली. राग नाही, भांडण नाही. मी भरायचे तेव्हा ते कौतुकाने बघतसुद्धा. एकदा घड्या घालायला मदत केली. मग मी आंघोळीला गेले की सगळं जागेवर. सातपाटीची मासळीवाली, जिच्याकडून मी वर्षानुवर्षं घेते, तिने दारातून बॅगा पाहिल्या.

"काय बाय, इमान चुकलं का? बॅगा तर कवाच्या दारात हायत."

"भरायच्या आहेत अजून."

"भरता न् काढता. आमच्या होडीत बर्फ पन एवढ्या येळा नाय भरत."

आजोबा आतून म्हणाले, "बोंबील ताजे हायत का विचार." तिला ते ओळखतात. निदान तिचा आवाज तरी.

तिकिटाचा दिवस जवळ आला तेव्हा मी बॅगा भरून कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही हेच केलं असतं. आजोबा ग्लासाच्या फळीसमोर उभे राहिले. मी दुसऱ्या ग्लासात पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. फळीवर ज्या जागी ग्लास असतो तिथे बोटाने गोल काढत राहिले. मग आरशाच्या खिळ्याकडे गेले. मग खुर्चीकडे. "उद्या तिकडे गेल्यावर सगळं काढून देते हं," मी म्हटलं आणि कुकर लावायला आत गेले. बाहेर आले तर दार उघडं होतं.

आमच्या सरावलीच्या गल्ल्या मी पालथ्या घातल्या. स्टेशनकडे रिक्षा पिटाळली. कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खिशात मी माझ्या फोन नंबरचं कार्ड ठेवलेलं असतं, त्यावरून शेवटी फोन आला. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन होता.

"माताजी, एक बुजुर्ग खड़े हैं यहाँ. आपके हैं क्या?"

"हाँ, हाँ, बिठाके रखो."

"बैठते नहीं. सबको बोलते हैं, मशीन मत चलाओ."

मी पोचले तेव्हा ते गेटच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात आडवे धरून. आत जाणारा टेम्पो थांबला होता. ड्रायव्हर हसत होता, पण हॉर्न देत नव्हता. आजोबांचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, आणि एका पायात चप्पल नव्हती. मला बघून त्यांना हायसं वाटलं, म्हणजे मी त्यांची बायको म्हणून नव्हे, कोणीतरी ऐकणारं आलं म्हणून.

"मॅडम, चालू करू देऊ नका. एक ग्लास राहिलाय आत. आरसा पण नाय. कुनाला तरी लागंल."

"सापडलाय ग्लास," मी म्हटलं. "घरी आहे. चला."

"जागेवर हाय?"

"जागेवर ठेवते."

घरी आल्याबरोबर त्यांच्यासमोर कुलूप काढलं. एकेक वस्तू त्यांनीच लावली. शेवटी फळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सगळे घरी गेले का?" मी हो म्हटलं. तेव्हा ते जेवले.

तुमच्या आईला मी सांगितलं की तिकिटं रद्द कर. ती म्हणाली, "मग आम्हीच येतो ना."

"कधी?"

"बघते. मुलांची शाळा, याची रजा... बघते मी."

ती नक्की बघेल. पण डॉक्टर म्हणाले होते 'ओळख आहे तोवर', आणि गेटवर मी मॅडम होते. विसरण्यात तुमची पाळी त्याआधीच येऊन गेली असणार. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, वाईट वाटावं म्हणून नाही. वाईट वाटलं तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

बॅगा माळ्यावर टाकल्या. तुमच्यासाठी नुकतेच विणून झालेले दोन स्वेटर तेवढे पोस्टाने पाठवायला म्हणून टेबलावर ठेवले होते. काल दुपारी आजोबा ते हातावर घेऊन उभे दिसले.

"हे कुनाचे?"

"नातवंडांचे."

"यांची जागा कुठं हाय?"

त्यांनी प्रत्येक कपाट उघडून पाहिलं. आमची कपाटं नीट लावलेली आहेत, कुठे फट नाही. कोंबून ठेवणं त्यांना माहीत नाही. मी एक खण रिकामा करायला घेतला, त्यांच्या पंच्यांचा. मग हात थांबला. पंचे हलवले तर उद्या ते पंचे शोधत निघतील.

"द्या माझ्याकडे," मी म्हटलं.

"जागा सापडल्याशिवाय कसे देऊ?"

स्वेटर घेऊन ते खुर्चीत बसले. संध्याकाळी जेवायला हाक मारली, तेव्हाही ते उठले नाहीत. मी ताट तिथेच नेलं. स्वेटर मांडीवर होते, म्हणून ताट हातात धरून मीच त्यांना भरवलं.