मार्सली कुणासाठी होती

लुईस बेटाच्या उत्तर टोकाला टॉर्किल नावाचा विणकर राहायचा. शेडमध्ये लोकरीचा माग, दारापुढे जळणाचा ढीग, माळावर चार मेंढ्या आणि चुलीजवळच्या खोलीत बहीण मार्सली. मार्सलीचे पाय जन्मापासून लुळे, आणि तिला बोलता येत नसे. आई गेली तेव्हा टॉर्किल ऐन तिशीत होता. त्याने लग्नाचा विषय मनातून काढून टाकला आणि बहिणीचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. फार थोर वगैरे वाटून नाही. तिने तोंडातली लापशी त्याच्या सदऱ्यावर थुंकली की त्याचं डोकं फिरायचं. मग तो बाहेर जाऊन मेंढ्यांना शिव्या घालून यायचा. मेंढ्यांना त्याची सवय झाली होती.

गेल्या हिवाळ्यात मार्सली न्यूमोनियाने गेली. सगळं गाव आलं, शवपेटी खांद्यावर घेऊन समुद्रावरच्या वाऱ्यात चाललं, आणि दोन दिवसांनी जो तो आपापल्या कामाला लागला. त्यात गावाची तरी काय चूक? बहिणीला सोडून टॉर्किल कधी कुणाकडे बसायला गेलाच नव्हता, म्हणून त्याला बोलवायचं असतं हेच लोक विसरून गेले होते. घर त्याला खायला उठायचं.

शरदात चर्चमध्ये प्रभुभोजनाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचे, दिवस आले. त्यातला शुक्रवार प्रश्नाचा. त्या दिवशी एखादा जाणता माणूस सभेपुढे एक प्रश्न ठेवतो, आणि चर्चचे पाळक एकेकाचं नाव घेऊन त्याला बोलायला सांगतात. आपण होऊन कुणी उठायचं नाही. ज्याचं नाव घेतलं आणि ज्याचं बोलणं सभेला पटलं तो त्या दिवसापासून देवाचा माणूस ठरतो. पुढच्या बाकावर बसतो, आणि गावातल्या कुठल्याही चुलीपाशी त्याला जागा असते. टॉर्किलचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. ते घ्यावं असं त्याला फार वाटायचं, आणि यंदा तर फारच. त्याची त्याला लाजही वाटायची.

प्रश्न ठेवला पलीकडच्या गावच्या कोन्याख नावाच्या म्हाताऱ्याने. दुःखाने खऱ्या भक्ताच्या ठायी कोणती खूण उमटते, आणि नुसत्या नावाच्या भक्ताच्या ठायी कोणती? दोघेतिघे बोलले, नेहमीचंच. मग पाळकांनी गावातल्या अलास्टरचं नाव घेतलं. हा माणूस चांगला होता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असायचं.

"लांब कशाला जायचं?" तो म्हणाला. "आपली मार्सलीच घ्या. लोक मला विचारतात, देव न्यायी आहे तर अशी पोर त्याने घडवलीच कशाला? मी सांगतो. तिच्या भावाला घडवायला. काय तापट होता हा, पहिल्यापासून बघतोय आपण. तिच्या पलंगापाशी देवाने त्याला तासून तासून माणूस केला."

बाकांवरून हुंकार उठले. पाळक म्हणाले, "टॉर्किल मॅकऑले."

टॉर्किल उभा राहिला. सगळे वळून त्याच्याकडे मायेने बघत होते, आणि इतक्या जणांच्या मायेची त्याला सवय नव्हती. 'होय, खरं आहे' एवढंच म्हणायचं होतं. पुढच्या बाकावर सरकून कुणीतरी जागासुद्धा केली होती. पण ते म्हटलं की मार्सली म्हणजे त्याला तासायची पटाशी ठरणार होती, नि तिचं स्वतःचं असं काहीच उरणार नव्हतं.

"अलास्टरकाका चांगल्या मनाने बोलले," तो म्हणाला. "पण तिला दुखायचं हो. पाठीला जखमा झाल्या की ती ओरडायची, रस्त्यावरून ऐकलंय तुम्ही. ते सगळं माझ्या भल्यासाठी? एवढा मोठा मी नाही. आणि तापट म्हणाल तर अजून आहे, मेंढ्यांना विचारा."

तो पाळकांकडे वळला.

"तिला माझ्यासाठी घडवलं, हे मी मानणार नाही. मला तिच्यासाठी घडवलं असेल, तर ते पटतं मला. पण पाळकसाहेब, आता ती नाही. मग मला कशाला ठेवलंय मागे?"

पाळक कठोर नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "टॉर्किल, आजच्या दिवशी एकच प्रश्न घेता येतो रे. हा दुसरा झाला." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

टॉर्किल होता तिथेच खाली बसला.

बाहेर आल्यावर लोकांनी रीतीप्रमाणे हात मिळवले, वाऱ्याबद्दल बोलले, आणि परगावाहून आलेले आपापले पाहुणे घेऊन घरोघर पांगले. अलास्टर दुसऱ्या फाटकाने गेला. त्याचं मन दुखावलं होतं आणि टॉर्किलला त्याचंही वाईट वाटलं. तो एकटाच वाटेला लागला. आत बोललो नसतो तर आत्ता कुणाच्या तरी घरी सूप पीत बसलो असतो, हा विचार त्याच्या मनात आला. आला तो आलाच.

मागून पेगी आली, शेजारच्या घरातली. तिचा नवरा बोटीसकट समुद्रात बुडाला होता, त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

"पुढच्या वर्षी विचार परत," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी माझं नाव घेतायत होय! आणि तोवर दिवस कसे काढायचे, पेगी?"

"निघतात. माझे निघतायतच की. तुला निदान उठून विचारायला तरी मिळालं. आम्हा बायकांचं नाव घेतात का तिथे कधी?"

टॉर्किल चालता चालता थांबला. दोघांच्या घरांमध्ये एक दगडी कुंपण तेवढं होतं, आणि इतक्या वर्षांत तिलाही काही विचारायचं असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पेगी," तो म्हणाला, "तुझा प्रश्न काय होता?"

तिने शालीचं टोक हनुवटीखाली घट्ट धरलं. मग वाटेतच उभी राहून ती सांगायला लागली.