रावजींचा राग

रावजी संतापले की मराठीत बोलत. कुंभकोणमच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती समजणारे दोघेच, ते आणि मी. तंजावरच्या मराठ्यांच्या काळात इकडे आलेली आमची घराणी, दोघंही गावातल्या मेलकावेरी भागात राहणारे. एरवी ऑफिसात आम्ही तमिळच बोलायचो. रागाला मात्र त्यांना घरचीच भाषा लागे, आणि तो राग माझ्याच वाट्याला येई.

एका प्रसूतिगृहाचे रिपोर्ट आम्ही क्लाउडवर ठेवायचो. कोणती फाईल कोणी उघडली याचं लॉगिंग बटण दाबून सुरू केलेलं त्यांना खपत नसे. "बटण उद्यां कोण बंद केलें तर कोणाला ठावें? कोडांत लिही!" मी लिहिलं, पण लॉग रिपोर्टांच्याच बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या त्याच कप्प्यात, सोडले. तिथे पडणाऱ्या प्रत्येक लॉगचा पुन्हा लॉग, दुपारपर्यंत नुसता ढीग. "अगे, डोकें घरीं ठेवून आलीस कां?" टेबल हादरलं. मग शेजारी बसून त्यांनी वेगळी बकेट करवून घेतली. तिथली नोंद कोणालाच, अगदी त्यांनाही, पुसता येणार नाही अशी ओळही कोडात घातली.

पुढे एका बाईचा रिपोर्ट तिच्या नकळत सासरी पोचला. आमच्या मॅनेजरनं बेधडक माझं नाव घेतलं. रावजींनी सगळ्यांसमोर लॉग उघडला. फाईल मॅनेजरच्याच लॉगिननं उघडलेली होती.

"ती नोंद काढून टाका," कंपनीचे मालक म्हणाले.

"निघत नाही. निघत असती तरी काढली नसती," रावजींनी या वेळी सगळ्यांना कळेल असं तमिळमध्ये ठणकावलं.

आठवड्यात त्यांनाच काढलं. कारण काय, तर म्हणे तापट स्वभाव! तो नालायक मॅनेजर अजून त्याच खुर्चीत आहे. आठवलं की आजही डोकं फिरतं. त्याच्यापेक्षा जास्त राग माझा मलाच येतो. त्यांना काढण्याआधी मालकांनी सर्वांना बोलावून विचारलं होतं, रावजींबद्दल कोणाला काही सांगायचंय का? नोकरीच्या भीतीनं मी मान खाली घातली.

जाताना जेवणाचा डबा पिशवीत घालून ते माझ्या टेबलापाशी थांबले. आवाज चढलेला नव्हता. तरी मराठीतच म्हणाले, "तूं कां बोललीस नाहीं, अगे?"

ते गेल्यावर सगळे विचारू लागले, काय म्हणाले?

"काही नाही, येतो म्हणाले," मी तमिळमध्ये सांगितलं.