टिबुकलीचं घरटं

पक्षाघाताच्या झटक्यातून आमचे हे वाचले, पण त्यांचे शब्द गेले. समोरचं सगळं त्यांना कळायचं, फक्त नाव ओठांवर येत नसे. जन्मभर प्रयोगशाळेत संशोधन केलेला, जेवतानासुद्धा मला काहीबाही समजावून सांगणारा हा माणूस पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट दाखवू लागला. मी रोज दत्तमहाराजांसमोर दिवा लावत होते. पण हात जोडले की एकच प्रश्न मनात यायचा, नेमकी वाचाच का काढून घेतलीत? उत्तर मिळत नव्हतं. हळूहळू मी विचारायचंही सोडलं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवून नावं वदवून घ्यायला सांगितलं होतं. कप, खुर्ची, केळं. ह्यांना त्याचा भयंकर राग यायचा. चित्र उलटं करून ठेवायचे आणि तोंड फिरवायचे. इथे कानडी मुलखात, जे. पी. नगरातल्या आमच्या घराजवळच्या तळ्यावर मात्र ते खुशीत असत, बाकावर बसून पाण्यावरचे पक्षी एकटक बघत. म्हणून मी मुलीचा जुना कॅमेरा बाहेर काढला. म्हटलं, कप नको असेल तर पक्षी दाखवू.

मला तोवर कावळा, चिमणी, पोपट यांपलीकडे ओळख नव्हती. माझे सुरुवातीचे फोटो म्हणजे पक्षी उडून गेलेल्या रिकाम्या फांद्या. पण बघता बघता मलाच नाद लागला. पाणकावळा पंख पसरून उन्हात का उभा राहतो, तर बुडी मारून त्याची पिसं चिंब होतात आणि ती वाळवावी लागतात. जांभळी पाणकोंबडी तर देठ पायात धरून, आपण ऊस खावा तसा सोलून खाते! मी ह्यांना कॅमेऱ्यात फोटो दाखवायची. ते बघायचे, हसायचे, पण शब्द यायचा नाही.

काठाजवळ एका तपकिरी पक्ष्याने पाण्यावर तरंगतं घरटं केलं होतं. बदकाहून पुष्कळ लहान, इथे बुडी मारून भलतीकडेच वर येणारा. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. शेवाळाच्या त्या ढिगावरच्या पांढुरक्या अंड्यांचा मी लांबून फोटो काढला होता, आणि माझा जीव त्यांच्यात अडकला होता.

एका सकाळी जाऊन पाहते, तर पक्षी नाही, अंडी नाहीत, नुसता ओला कचरा. वर घारी घिरट्या घालत होत्या. माझे डोळे भरून आले. महाराज, इथेही नाहीच का? मी ह्यांचा हात धरला, “चला, घरी जाऊ.” हे उठेनात.

“स्वल्प इरि, अक्का,” मागून कुणीतरी म्हणालं. थोडं थांबा. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेली, गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक अनोळखी बाई होती. मी निपाणीची, त्यामुळे कन्नड मला येतं. “अंडी गेली हो,” मी म्हटलं. तिने नुसता घरट्याकडे हात केला.

आम्ही थांबलो. जरा वेळाने तो पक्षी पाण्यातून वर आला, ढिगावर चढला आणि चोचीने ओलं शेवाळ भराभर बाजूला सारू लागला. खाली अंडी होती. सगळी. शेवाळाचा डाग लागून थोडी तांबूस झालेली.

“उठताना ही अंडी झाकून जाते,” बाई म्हणाली. “वरून बघणाऱ्याला कचराच वाटावा म्हणून. पहिल्यांदा मीही रडले होते.” मग तिने ह्यांच्याकडे वळून सहज विचारलं, “सर, आम्ही हिला गुळुमुळुक म्हणतो. तुमच्या मराठीत काय?”

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच ह्यांचे ओठ हलले.

“टि... टिबुकली.”

“काय म्हणालात?”

“टिबुकली!” विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागल्यासारखे ते वैतागून म्हणाले. तो शब्द मी कधीच ऐकला नव्हता. ह्यांचं लहानपण कृष्णेकाठच्या खेड्यात गेलं, तिथला असणार. मी तिथेच बाकावर बसून रडले आणि ती बाई गोंधळून मला पाणी देत राहिली.

चमत्काराच्या गोष्टीतल्यासारखी ती नंतर कधी दिसलीच नाही, असं मला सांगता येणार नाही; ती दर रविवारी येते, गणित शिकवते, आणि आता आमच्या घरी जेवतेही. लहानपणचे शब्द कधीकधी आधी परततात, असं उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या. असेलही. मला वाद घालायचा नाही. त्या सकाळी तो प्रश्न तिच्या तोंडी कुणी घातला, एवढं माझं मला ठाऊक आहे.

ह्यांची पूर्ण वाक्यं अजून येत नाहीत. येतील की नाही, कुणी सांगत नाही. पण ओठांवर ‘बगळा’ आला, ‘खंड्या’ आला, परवा भलत्याच पक्ष्याला ठासून ‘घुबड’ म्हणाले आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. जे मला दिसत नाही ते नाहीच, असं मी आता धरून चालत नाही. महाराजांसमोर उभी राहते तेव्हा मागायचं काही आठवत नाही. “जसं ठेवाल तसं,” एवढंच म्हणते, आणि ह्यांना कॅमेरा द्यायला बाहेर येते. हल्ली फोटो तेच काढतात.