कॅसेटवरची फुंकर

इथे दुबईत मी जुने व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडून देतो. नववीत शाळा सोडलेल्या मला दुकानाच्या शेठनी हे काम शिकवलं, त्यामुळे एखादं मशीन हातून बिघडेल याची सतत धास्ती. आणि हे आमचे नेहमीचे गिऱ्हाईक कुलकर्णीकाका! परवा नेलेला गेम आज बंद म्हणून घेऊन आले आणि माझ्यासमोरच कॅसेट काढून फुंकायला लागले.

"काका, फुंकू नका हो! थुंकीनं कॅसेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात."

"अरे, फुंकल्याशिवाय गेम कधी लागलाय का?"

मी चडफडत पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या. चित्र आलं.

"बघ, माझी फुंकर!"

लहानपणी गुडघा फुटला की औषध कंपाउंडर लावायचा. पण बरं आईच्या फुंकरीनं झालं, असं मीही अजून धरून चाललोय.