पंगतीतलं शेवटचं पान

भडगावजवळच्या आमच्या गावात पंगतीतलं शेवटचं पान जेवून झाल्याशिवाय कोणी उठत नाही. ते शेवटचं पान नेहमी माझं असायचं. गव्हाच्या बट्टीचा घास छातीत अडकायचा, वर येईना की खाली जाईना. आजूबाजूच्यांचे हात वाळलेले. तेवढ्यात आई पुन्हा वरणाची बादली घेऊन फिरायची, नको म्हणणाऱ्यालाही वाढायची. मला तिचा भयंकर राग यायचा. माझा तमाशा ही बाई आणखी लांबवते!

शेवटी मी पंगतीला जाणंच सोडलं. जळगावला नोकरी, एक खोली, समोर भिंत. "जेवून आलोय" हे इतक्यांदा सांगितलं की लोकांनी विचारणं सोडलं. गावात मी शिष्ट ठरलो. फार एकटा पडलो होतो. आईच्या तेराव्यालाही मागच्या दाराशी उपाशी उभा राहिलो.

पुढे एकदा पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून आतले बारीक तुकडे तपासायला पाठवले. अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज होती, वर्षानुवर्षांची. गहू आणि दूध बंद झालं, शिवाय दम्याचा पंप मिळाला. वडिलांना दमा होता. पंप म्हणजे श्वास ओढायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं. मी समजावून न घेताच महिनाभर ओढला. बाईंनी करून दाखवायला सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, सगळं औषध फुप्फुसात चाललंय! तोंडात फवारा आणि गिळा. मग चूळ भरा, अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका."

काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. सूज उतरली होती.

पुतणीच्या साखरपुड्याला मी पंगतीत बसलो. वहिनीने माझ्यापुरती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. भीत भीत खाल्ली. घास सरळ उतरत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पान सगळ्यांबरोबर संपलं. मी सवयीने बादलीची वाट बघत होतो.

"वरण परत फिरत नाही का आता?" शेजारी बसलेल्या थोरल्या भावाला विचारलं.

"ते माय फिरवे," तो म्हणाला. "तुनाकरता. तुनं जेवन बाकी राहे ना."

माझं पान रिकामं होतं, पण मला उठता येईना. सगळी पंगत माझ्यासाठी थांबली.