शेवाळे सरांचा मोजा

शाळेत दोन गोष्टी आपोआप साठतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ निदान शनिवारी झाडता येते. किस्से मात्र मधल्या सुट्टीत चहाबरोबर पुन्हा पुन्हा निघतात, आणि दरवेळी त्यात माझा आवाज थोडा वाढवला जातो. आता माझा आवाज मोठा आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. एकलहऱ्याच्या वीज कारखान्याच्या चिमण्या दिसतील एवढ्या अंतरावर आमची शाळा. मी हजेरी घेतली की तिकडच्या कामगारांना भोंगा झाल्यासारखं वाटतं, असं शेवाळे सर सगळ्यांना सांगत असतात.

*

हे शेवाळे सर सटाण्याकडचे, माझ्या शेजारच्या वर्गाचे शिक्षक. टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक साहित्य बनवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. लग्नाला गेले तरी आहेर देऊन रिकामी खोकी घेऊन येतात.

गेल्या वर्षी त्यांनी पेढ्याच्या खोक्याचं सुंदर घड्याळ केलं. काटे, आकडे, सगळं झकास. फक्त खोकं आतून पुसायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी तपासणीला केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी दुसरीतल्या एका मुलाला विचारलं, या घड्याळात किती वाजलेत? तो बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, "सर, मुंग्या बाजूला झाल्या की सांगतो."

*

यंदा दिवाळीनंतर माझ्या वर्गात सुमन आली. पेठकडची पोर, आईबाप इथल्या द्राक्षबागेत कामाला. बागेत दिवसभर बडबड करते म्हणे, पण शाळेत तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसती मान हलवायची. द्राक्षं संपली की ते कुटुंब गावाकडे परतणार होतं. त्याआधी हिचा एक तरी शब्द ऐकायचाच, असं मी मनाशी धरलं. आपल्या वर्गातून एक मूल मुकंच निघून जाणार, या विचाराने मला खरंच झोप लागत नव्हती.

वाटलं, ही वर्गातल्या टीव्हीला तरी बोलेल. म्हणून मी घरी बेरजेचा व्हिडिओ बनवला. ओट्यावर मोबाईल टेकवला, सात शेंगा, पाच शेंगा, सगळं समजावून सांगितलं. मागे कुकरची शिट्टी झाली, पण पुन्हा शूटिंग कोण करणार? तस्साच दाखवला वर्गात.

दुसऱ्या दिवशी विचारलं, सात अधिक पाच किती?

अख्खा वर्ग एका सुरात, "बारा! अगं, गॅस बंद कर!"

आमच्या सासूबाईंचा आवाज इतका स्वच्छ आला असेल, याची मला काय कल्पना! सुमन तेवढी गप्प. पण गालातल्या गालात हसली, हे मी पाहिलं.

*

दुसरा व्हिडिओ वर्गातच काढला. तो लावला आणि सुरू होतो न होतो तोच लाईट गेली. समोर विजेच्या कारखान्याच्या चिमण्या, पण आमच्या वायरिंगला त्याचं काही नाही. टीव्हीचं बटण बंद करायचं राहूनच गेलं.

दुपारी त्याच वर्गात केंद्रप्रमुखांचं मार्गदर्शन होतं. साहेब रंगात आले होते. शिक्षकाने कसं मृदू बोलावं, यावरच बोलत होते. तेवढ्यात लाईट आली, टीव्ही आपोआप सुरू झाला आणि माझा आवाज घुमला, "गप्प बसा म्हणते ना!"

साहेब बसले.

*

शेवटी शेवाळे सर म्हणाले, टीव्ही राहू द्या, बाहुला करू. स्वतःच्या जुन्या मोज्याला त्यांनी शर्टाची दोन बटणं लावली. डोळे तयार! मुलांनी नाकं दाबली. सरांनी ठासून सांगितलं, धुतलाय. "कधी?" असं एकाने विचारलंच.

मी तो हातात चढवला, सुमनपुढे बसले आणि जेवढं प्रेमाने बोलता येईल तेवढं बोलले, "नाव काय गं तुझं?"

पोर सरकत सरकत भिंतीला टेकली.

शेवाळे सर म्हणाले, "बाई, मोज्यातूनही भोंगाच वाजला." एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी माझे डोळेच भरून आले. द्राक्षाचे आठ दिवस राहिले होते.

सरांनी माझ्या हातातला मोजा काढला आणि सुमनच्या हातात चढवला. तिला म्हणाले, "हा आजच शाळेत आलाय. याला अजून बोलता येत नाही. जरा सांभाळ याला." तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात खिचडीसाठी ढकलाढकली सुरू झाली, म्हणून आम्ही दोघंही तिकडे धावलो. बाहुल्याच्या व्हिडिओसाठी स्टँडवर लावलेला माझा मोबाईल तसाच चालू राहिला.

शाळा सुटल्यावर दोघांनी तो व्हिडिओ लावून पाहिला. वर्गात सुमन एकटी, हातात मोजा. बाहेर भांड्यांचा आवाज, आणि मग माझा, "रांग मोडू नका! एकदा सांगितलेलं कळत नाही?"

मोबाईलमध्ये सुमनने मोजा पोटाशी धरला. दुसऱ्या हाताने त्याचं डोकं कुरवाळलं. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाली,

"भिऊ नको. बाई वरडत्यात, पन मारीत नाय."