कागदात पेरलेला तेरडा

मी पाळण्यात असताना बाबा मला पत्रकं वाचून दाखवायचे, असं आई सांगते. त्यात तिचं थोडं तिखटमीठ असेल, पण अक्षरं मी पत्रकांवरूनच शिकले हे खरं. बाबा आठवडाभर मुंबईत नोकरी करायचे आणि रविवारी वसईच्या विहिरी, वाड्या, बुजवलेले नाले यांच्याबद्दल पत्रकं छापून वाटायचे. जमिनीवर बसून त्या पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा खेळ. 'जागे व्हा' हे शब्द मला 'कमळ' आणि 'घर' यांच्या आधी लिहिता यायला लागले.

मोठी झाल्यावर मीही माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपाशी उभी राहून पत्रकं वाटायला लागले. लोक हसून घेतात आणि थोडं पुढे जाऊन टाकून देतात. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अशातच एका लग्नाची पत्रिका घरी आली. कागद जाड, खरबरीत. खाली लिहिलेलं, की लग्न झालं की हा कागद मातीत पुरा, फुलं येतील. मी पुरला. कसलीशी नाजूक परदेशी रोपं उगवली, कुंडीत काही दिवस उभी राहिली आणि माना टाकून मोकळी झाली. कल्पना मात्र माझ्या डोक्यात रुजली. पत्रक टाकणारच असाल तर टाका की! मातीत टाका. फक्त त्यातलं बी आपल्या रानातलं हवं.

गोखिवऱ्याला आमची सोसायटी आहे. तिथे कंपाउंडच्या भिंतीलगत मातीची एक अरुंद पट्टी उरली होती. बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. ही पट्टीही झाकून तिथे स्कूटर लावायच्या, असं सेक्रेटरी काकांनी ठरवलं होतं. मी त्यांच्या दारात जाऊन भांडले.

"काका, आख्ख्या आवारात पावसाचं पाणी मुरायला एवढीच जागा आहे."

"पाणी मुरतं आणि चिखल होतो. तिथे आहे काय? तण!"

"मग फुलं लावते."

"बाळा, गणपतीपर्यंत लाव. गणपती झाले की सभा आहे. तोवर तिथे काही दिसलं तर बोलू, नाही तर ब्लॉक."

म्हणजे पट्टी वाचवायची, तर गणपतीपर्यंत ती फुललेली दिसायला हवी होती.

बी माझ्याकडे होतं. आदल्या वर्षी पाऊस सरताना तुंगारेश्वरच्या वाटेवर आई आणि मी तेरड्याच्या शेंगा गोळा केल्या होत्या. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फटकन फुटते आणि बी उडतं. आईने शेंगेला पदर लावून फोडायची युक्ती काढली आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. थोडं कुर्डूचं बीही मिळालं. उन्हाळ्यात आम्ही बाबांची जुनी पत्रकं बादलीत भिजत घातली, मिक्सरमधून काढली, लगद्यात बी कालवलं आणि पिठाच्या चाळणीवर थापून कागद केले. बाबांच्या आयुष्यभराच्या मागण्या बादलीत विरघळताना बघून ते स्वतःच म्हणाले, "शेवटी कुणीतरी मान्य केल्या."

मग चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकली असती. कागद वाळून वेडेवाकडे झाले होते. मी बाहेर गेले होते तेव्हा बाबांनी ते सगळे इस्त्री करून ठेवले. अगदी दोन्ही बाजूंनी, कडक. वाकडं पत्रक लोकांच्या हातात देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. शिवाय सपाट कागदावर मजकूर जास्त मावतो. मला पण ते इतके देखणे वाटले, की मी त्यांवर पट्टीबद्दल चार ओळी लिहून ते थाटात पुरले. पाऊस पडत राहिला आणि पट्टीत काहीच हललं नाही. शेवटी आईने एक कागद उकरून काढला, बी चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, "भाजलंय हे. तुम्ही बापलेकींनी चटणीची तयारी केलीत."

आईने डब्यात थोडं बी राखून ठेवलं होतं. त्याचे नवे कागद केले, पंख्याखाली वाळवले आणि ते तसेच वेडेवाकडे पुरले. त्या सकाळी वर माती लोटण्याआधी मी कागदांवर तांब्याने पाणी शिंपडत होते. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणारी मावशी पाटी उतरवून बघत उभी राहिली.

"काय गो पोरी, कागदाला पानी घालतेस? उद्या झाडाला पुस्तकं येतील!"

पुस्तकं नाही आली, पण हिरवे ठिपके आले. मग नुसती घाईच सुटली. तेरडा गुडघ्याला लागला, कुर्डूने तुरे काढले. गणपती बसले तेव्हा पट्टी गुलाबी झाली होती. कामावरून येणारे लोक गेटातून आत आल्यावर क्षणभर थांबायला लागले. पत्रकासाठी असं कुणी थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

घरची बाग म्हटलं की आता नर्सरीतली प्लॅस्टिकची कुंडी, विकतची माती आणि ज्याचं नाव आपल्याला उच्चारता येत नाही असं झाड. गॅलऱ्या लोकांनी घरात घेतल्या, वाड्यांवर टॉवर आले. म्हणून मला ठाम वाटतं, की उद्याची बाग एकट्यादुकट्याच्या घराची नसेल. ती जिन्याखाली, गच्चीवर, भिंतीलगत असेल. तिला माळी लागणार नाही. पावसावर येईल आणि जाताना बी टाकून जाईल. हे सगळं मी सभेत सांगणार होते. भाषण तयार होतं. पुरावा खाली डोलत होता.

गौरी यायच्या त्या संध्याकाळी खालून टाळ्या आणि हसणं ऐकू आलं. खिडकीतून बघते तो सोसायटीतल्या कोकणातल्या झाडून सगळ्या बायका पट्टीत उतरलेल्या, आणि सगळ्यांत पुढे सेक्रेटरी काकांची बायको. नव्या साड्या, हातात तबक, आणि तेरडा मुळासकट उपटणं चाललेलं. आमच्या घरी गौरी बसत नाहीत. आई देशावरची, बाबा पत्रकांतले. कोकणात तेरड्याचीच गौर करतात आणि ती मुळांसकट लागते, हे आमच्या तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी धावत खाली गेले.

"काकू, थांबा! हे काय करताय? ही सार्वजनिक जागा आहे!"

"सार्वजनिक आहे म्हणून तर नेतोय. तुझ्या घरातली कुंडी उचलली का?"

"अहो, सभेला काय दाखवू मी? हे उपटलंत तर काका ब्लॉक घालतील इथे!"

"घालतात कसले! ये इकडे, ही चांगली मुळासकट निघत नाहीये, धर जरा."

आणि मी धरलं. काय करणार? काकूंनी मातीचा गड्डा हलक्या हाताने झटकला आणि म्हणाल्या, "गावाला आम्ही पाणवठ्यावरून आणायचो गं. इथे आल्यापासून माणिकपूरच्या फुटपाथवरून, पिशवीत घालून. आज पहिल्यांदा मातीतून घेतेय." मग त्या सगळ्या, गौर कशाच्या पावलांनी आली, सोन्याच्या पावलांनी आली, म्हणत जिना चढल्या. लिफ्टला कुणी हात लावला नाही. पट्टीत भोकं उरली आणि एका टोकाला थोडा कुर्डू.

सभेच्या सकाळी काकांनी स्वतःची स्कूटर आणून त्या भोकांवर लावली. सभेत ते शांतपणे म्हणाले, "मुलीने मेहनत घेतली, मान्य. पण आता तिथे काही नाही. तेव्हा ब्लॉकचा विषय मंजूर समजायचा का?"

मी भाषणाला उठणार, तोच मागून काकूंचा आवाज आला.

"आणि पुढच्या वर्षी गौर कुठून आणायची?"

"माणिकपुरातून. आणतोच की आपण."

"मी नाही आणणार. आणि ज्या जागेवरून गौर घरात आली, तिथे तुम्ही स्कूटर उभी केलीत. सकाळपासून बघतेय मी."

सभेत हशा पिकला. काका म्हणाले, "अगं, घरचं घरी बोलू." त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "नाही, इथेच बोला, आमची गौरही तिथलीच." मग पट्टी तशीच ठेवायला हात वर झाले. एवढे हात मी आमच्या कुठल्याच पत्रकाला वर झालेले पाहिले नव्हते. माझं भाषण तसंच राहिलं. बाबा मला कोपराने ढोसत होते, निदान दोन मुद्दे तरी मांड म्हणून. मी गप्प बसले. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत असावं.

सभा संपल्यावर काका किल्ली घेऊन खाली उतरले. स्कूटरचं मागचं चाक मऊ मातीत रुतलं होतं. मी मागून जोर लावला, त्यांनी पुढून ओढलं. आम्ही दोघंही चिखलाने माखलो. वरच्या खिडकीतून काकू सांगत होत्या, "अजून, अजून पुढे घ्या. कुर्डू मोडेल!"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता हिला वरून रोज ही पट्टी दिसणार."

आणि त्यांनी स्कूटर गेटापर्यंत नेली.